पिवळ्या डोळ्यांचा मान

बोनकोड्यात माझ्या बाळाराममामाच्या घराण्यात एक आजार होता. तो आजार आहे हे घराण्याला ठाऊक नव्हतं. घराण्याला वाटायचं, हा मान आहे.

मूळची हकीकत अशी सांगतात. मामाचा कोणी खापरपणजा खाडीत जाळं टाकायला गेला असताना पाण्यात त्याला गावदेवीची नथ दिसली. देवीची नथ, तेव्हा अर्थातच सुपाएवढी. तिचं तेज त्याच्या डोळ्यांत भरलं आणि डोळे जे पिवळे झाले ते मरेपर्यंत पिवळेच राहिले. नथ काही त्याला वर काढता आली नाही, पण गावाने तेवढं समजून घेतलं. तेव्हापासून नारळी पौर्णिमेला खाडीत पहिला नारळ सोडायचा तो या घराण्याने, आणि घराण्यातही ज्याचे डोळे पिवळे त्याने. ज्याचे पांढरे, त्याने काठावर उभं राहून बघायचं.

मी मामाच्या बहिणीचा मुलगा, गोवर्धन. आईचे डोळे पांढरे, माझेही पांढरे. आजोळी राहून आणि जेवूनही मी घराण्यात धरला जात नव्हतो. मात्र ठाण्याला राहून मॅट्रिक झालो होतो, त्यामुळे कुठे पाटी वाचायची असली की मला सोबत न्यायचे.

मामाचे डोळे पिकल्या लिंबासारखे होते आणि त्या डोळ्यांनी त्याने साठी गाठली होती, कसला त्रास नाही. त्याचा एकुलता एक मुलगा रोहिदासदादा मात्र घराण्याच्याही पुढे गेला. त्याचे डोळे म्हणजे नुसती हळद. शिवाय पोट डाव्या बाजूने असं वर आलेलं, की वाटावं, सोलायच्या आधीच नारळ गिळलाय. गावातल्या बाया त्याच्याकडे बघून कौतुकाने म्हणायच्या, "मानाचं पोट हाय."

दादाचं लग्न ठरलं तेव्हा नावड्याहून मुलीचा बाप आला होता. बाकीच्यांकडे पत्रिका बघतात. इथे दादाला अंगणात उन्हात बसवलं, पाहुण्याने अंगठ्याने त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढली, आत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "पसंत." अशी बायजावहिनी आमच्या घरात आली.

वहिनीला मानाचं फारसं काही वाटत नव्हतं. तिला नवरा दिसत होता. मिठागराच्या बांधावरून घरी यायचं तर दादा वाटेत दोन वेळा बसायचा. जेवण जरा तेलकट झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि तो चटईवर कोलंबीसारखा वाकडा व्हायचा. त्यावर बिब्ब्याचे डाग देऊन झाले, कडू काढे पाजून झाले. डागांनी पोटावर सुरेख नक्षी उठली. पोट होतं तेवढंच राहिलं.

त्यात एक अडचण आधीच्या वर्षी होऊन बसली होती. नारळ सोडताना मामा चिखलात घसरला आणि नारळासकट खाडीत गेला. नारळ वर आला, मामाला वर काढावं लागलं. पंचांनी ठरवलं, पुढच्या वर्षीपासून रोहिदासने सोडायचा. म्हणजे दादाचा तो पहिला नारळ होणार होता. मामा वर्षभर त्याच एका दिवसाकडे डोळे लावून बसला होता. पिवळे डोळे.

अशात शिमग्याच्या आधी दादाला पुन्हा कळ आली आणि वहिनीने सरळ जाहीर केलं, "ठान्याला नेते. कोन येतं त्यानी या."

मामा आला, कारण खर्च त्याचा होता. मी आलो, कारण पाट्या होत्या.

डॉक्टर झहूर मूळचे पनवेलकडचे. ठाण्याला त्यांचा दवाखाना होता. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात शिकलेले, आणि माणूस असा की पेशंट बोलू लागला की पेन खाली ठेवून ऐकायचे. ही सवय मामाच्या बाबतीत त्यांना महागात पडली.

"कधीपासून हे?" डॉक्टरांनी दादाच्या डोळ्यांकडे बघत विचारलं.

"आमचे खापरपनज्यापासून," मामा छाती काढून म्हणाला, आणि नथीची गोष्ट सुरू झाली.

डॉक्टरांनी ती पूर्ण ऐकली. मग मामाला म्हणाले, "काका, तुमचे डोळे बघू?" त्यांनी मामाची पापणी ओढली. मामाला वाटलं, आता हे पण पसंत म्हणणार.

दादाला टेबलावर आडवं करून त्यांनी पोट चाचपलं. "ही पानथरी. पुस्तकात प्लीहा म्हणतात. मुठीएवढी असते, बरगड्यांच्या आत लपलेली, हाताला लागतसुद्धा नाही. यांची बेंबीपाशी पोचलीय."

"आमचे आज्याची कंबरपट्ट्याखाली गेल्ती," मामा म्हणाला. त्याला मुलगा मागे पडल्यासारखं वाटलं असावं.

मग डॉक्टर समजावून सांगायला बसले. "असं बघा. रक्तात बारीक बारीक तांबड्या पेशी असतात. चपट्या आणि मऊ. पानथरी म्हणजे त्यांची गाळणी. जुन्या झालेल्या पेशी ती अडकवते आणि मोडून टाकते, चांगल्या पुढे सोडते. तुमच्या घराण्यात पेशी जन्मतःच गोल आहेत. आता जाळ्यातून चपटा मासा सुटतो, गोल मासा अडकतो..."

"थांबा," मामा म्हणाला. "कंचे जाळ्यातून?"

"कुठल्याही."

"चपटा मासा सुटतो म्हंता? सरंगा चपटा नाय? सरंगा जाळ्यातून सुटला तं आमी खायाचं काय?"

"तसं नाही काका, हे उदाहरण आहे."

"उदाहरन असलं तरी मासा खरा पायजे ना."

पुढचा बराच वेळ सरंग्यावर गेला. बाहेर खोकणारे पेशंट ताटकळले, दोघे आत येऊन चर्चेत सामील झाले. एकाने बोयट या गोल माशाचं नाव काढल्यावर डॉक्टरांनी हात जोडले आणि मासा सोडून दिला.

"घावन घ्या," ते म्हणाले. "घावन मऊ असतं. घडी घातली की बारीक फटीतून पलीकडे जातं. वडा जाईल? नाही. अडकणार, आणि दाबला तर फुटणार. तुमच्या पेशी वडे आहेत."

हे सगळ्यांना पटलं. वहिनीला भूकही लागली.

"आता पानथरीला वाटतं, हे सगळे वडे बिघडलेले आहेत. ती दिवसरात्र मोडत बसते. काम वाढलं म्हणून ती वाढली. रक्त कमी पडतं, म्हणून यांना दम लागतो. मोडलेल्या पेशींतून पिवळा रंग निघतो, तो डोळ्यांत उतरतो. त्याच रंगाचे पित्ताशयात खडे झालेत, म्हणून उजवीकडे कळ येते."

"मंग चूक पानथरीची का रक्ताची?" वहिनीने विचारलं.

डॉक्टर खूश झाले. "रक्ताची! पण रक्त बदलता येत नाही, पानथरी काढता येते. गाळणीच काढली की वडे आपले मजेत फिरतात. माणूस पानथरीवाचून छान जगतो. मुंबईला ऑपरेशन होईल, माझे सर आहेत तिथे. नाही केलं तर कधी पडले-झडले, पोटावर मार बसला आणि पानथरी फुटली, तर इथवर आणायलाही वेळ मिळायचा नाही. सुकलेल्या भोपळ्यासारखं जपून किती दिवस फिरणार?"

"आन डोळं?" मामा हळूच म्हणाला.

"डोळे स्वच्छ! आठ-दहा दिवसांत पांढरेशुभ्र!" डॉक्टरांनी ही बातमी इतक्या आनंदाने दिली, की समोर कोणीच का हसत नाही हे त्यांना कळेना.

मामाने टोपी उचलली, परत ठेवली. "डॉक्टरसाहेब, बाकीचा सगला काढा. डोळं तेवढं ऱ्हाऊ द्या."

"तसं होत नाही, काका."

"दोनी नको. एकच ऱ्हाऊ दे."

डॉक्टर म्हणाले, एकही नाही. आम्ही निघालो. वाटेत कळव्यापाशी मामा एकदाच म्हणाला, "घावन म्हंतो."

घरी पोचेपर्यंत बातमी आमच्या पुढे पोचली होती. ओट्यावर देवजीकाका येऊन बसला होता. देवजीकाका मामाचा चुलतभाऊ. त्याच्या बापाचे डोळे पिवळे, आजाचे पिवळे, आणि देवजीकाकाचे पांढरे. त्यामुळे नारळ तर त्याच्या वाट्याला कधी आला नाहीच, वर त्याच्या आईबद्दल गावात जे बोललं जायचं ते बोललं जायचं. ती बिचारी ऐकत ऐकत गेली. देवजीकाका साठी ओलांडून गेला होता, तरी कोणी त्याच्या डोळ्यांत जरा जास्त वेळ बघितलं की तो मान फिरवायचा.

अख्ख्या बोनकोड्यात ऑपरेशनच्या बाजूचा तो एकटा होता.

"करून टाक बाळाराम," तो म्हणाला. "पोराचे जिवाहून मोठा काय हाय? डोळं काय, पांढरं बी चालतात. माझं बघ, सगला दिसतं."

हे बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. पण देवजीकाका बोलला म्हणून मामाने त्याच क्षणी ठरवलं, ऑपरेशन नाही.

वहिनीने भांडण केलं नाही. तिने दुसऱ्या दिवसापासून दादाला सुकलेला भोपळा समजायला सुरुवात केली. तो उठला की आधी वाटेतली भांडी बाजूला करायची. तो ओट्यावर बसला की पोटाभोवती गोधडी गुंडाळायची. शेजारची शेळी अंगणात आली तर काठी घेऊन धावायची, कारण शेळीला शिंगं होती. शिमग्याला पोरं रंग घेऊन आली तेव्हा तिने दाराला आतून अडसर घातला आणि खिडकीतून ओरडली, "आमचा मानूस फुटेल! जा!" मामा हे सगळं बघत होता आणि बघत नाही असं दाखवत होता.

चैत्रात एक दिवस दादा बांधावरच कोसळला. मार नव्हता, उजवीकडची कळच होती, पण तो एवढा मोठा माणूस चिखलात गुडघे पोटाशी घेऊन पडला होता आणि "बाबा, बाबा" म्हणत होता. मामाने त्याला पाठीवर घेतलं. पाठीवर घेतल्यावर तो म्हणाला, "गोवर्धन, ह्याला वजनच नाय रे. सगला वजन त्या पोटाचंच हाय."

दादाला घरात निजवून मामा तडक गावदेवीच्या देवळात गेला. मी मागोमाग गेलो. म्हातारा पडला तर उचलायला कोणी हवं. मामा देवीसमोर उकिडवा बसला. मग घरात बोलतो तशाच आवाजात म्हणाला, "आये, तुझं तेज तुला परत. मना पोरगा पायजे."

उठताना त्याने मला बघितलं आणि खेकसला, "काय बघतंस? जा, डॉक्टरला सांग. आन त्याला सांग, सरंगा चपटाच असतो."

मुंबईच्या इस्पितळात दादाच्या डाव्या बरगडीखाली लांब चीर दिली, पानथरी काढली, खडेसुद्धा काढले. हे लिहायला एक ओळ लागली. बाहेर बाकावर बसायला जे लागलं ते इथे लिहीत नाही. मामाने तेवढ्या वेळात इस्पितळाच्या भिंतीवरची मलेरियाची, देवीच्या लशीची आणि हात धुण्याची अशी सगळी पत्रकं मला मोठ्याने वाचायला लावली आणि एकही ऐकलं नाही.

सर्जन बाहेर आले. म्हणाले, सगळं नीट झालं. मामाने त्यांच्या पाया पडून पहिला प्रश्न विचारला, "पानथरी कवा देनार?"

"देणार म्हणजे?"

"आमची वस्तू हाय. पिढीजात. खाडीला सोडायला पायजे."

सर्जन मोठे शांत होते. त्यांनी मामाला आत नेऊन बरणी दाखवली. औषधाच्या पाण्यात आमची पानथरी होती, जांभळी, दोन्ही हातांत मावणार नाही एवढी. ते म्हणाले, "ही इथेच राहू द्या. डॉक्टर होणारी मुलं बघतील, शिकतील. उद्या दुसऱ्या कोणाची पानथरी काढताना त्यांचा हात चुकणार नाही." मामाने बरणीला नमस्कार केला. पुढे गावात कोणी विचारलं की तो सांगायचा, पानथरी कॉलेजात हाय. आणि ते खरंच होतं. आमच्या घराण्यातून कॉलेजात पोचलेली ती पहिलीच.

रोज सकाळी वहिनी दादाची पापणी ओढून बघायची. पहिल्या दिवशी हळद, मग लिंबू, मग ताक. एका सकाळी ती नुसतीच बघत बसली. दादा घाबरला, "काय झालं?"

"काय नाय," ती म्हणाली. "तुमी बरं दिसता."

निघताना डॉक्टर झहूर भेटायला आले होते. त्यांनी एक गोष्ट घोटून घेतली. पानथरी रोगाच्या जंतूंशीही लढत असते. ती आता नाही, म्हणून यापुढे ताप आला की अंगावर काढायचा नाही, काढे पीत बसायचं नाही, लगेच दवाखाना. वहिनीने हे दोनदा म्हणून दाखवलं. दादाला वाटलं, गोधडी सुटली. ती सुटली नव्हती, तिच्या जागी थर्मामीटर आलं होतं.

बोनकोड्यात आम्ही परतलो तर भेटायला रीघ लागली. बाया आल्या, पदर तोंडाला लावून बसल्या. "वाईट झालं. पांढरे झाले गं. चांगले पिवळे व्हते." एक म्हातारी दादाच्या गालावरून हात फिरवून रडली. दादा हे सांत्वन चालू असताना भाकरी आणि सुकट खात होता. त्याने तिसरी भाकरी मागितली तेव्हा म्हातारी आणखी रडली. एवढं खाणारा माणूस आणि डोळे असे.

दादाला खरंच बरं वाटत होतं. तो बांधावरून न बसता यायचा. कधी कधी उगाच परत जाऊन पुन्हा यायचा.

पण श्रावण जवळ आला आणि पंच बसले. पाटील म्हणाले, "बाळाराम, तुझ्याबद्दल काय म्हननं नाय. पन तू मागचे वर्षी पडलास. रोहिदासकडं डोळ्याची खून ऱ्हायली नाय. नारळ आता घरान्याबाहेर जानार."

देवजीकाका ताडकन उठला. "बाहेर का? डोळं पांढरंच चालनार असतील तं मी हाय. माझं जन्मापासून पांढरं हायत. ह्याचं आत्ता झालं. मी जुना हाय."

पंचांना यातला मुद्दा कळला नाही, पण खोडताही आला नाही. मामा खाली मान घालून बसला होता. कोणाकडे मागायला जाईल असा तो माणूस नव्हता. देवीला शब्द देऊन बसला होता, तो मागे कसा घेणार? घरी येऊन तो जेवला नाही. दादा म्हणाला, "बाबा, मना नारळ नको." मामा म्हणाला, "तुला नको आसंल. माझे बापाला काय सांगू?"

त्यांचा हा संवाद ऐकताना मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. रक्त बदलता येत नाही, म्हणाले होते. मी दुसऱ्या दिवशी ठाण्याला गेलो आणि त्यांना विचारलं, "दादाच्या पेशी अजून वडेच आहेत ना?"

"अर्थात. वडे जन्मभर राहणार. मोडणारी तेवढी गेली."

"मग हे गावाला दाखवता येईल?"

डॉक्टर हसू लागले. "तुमचं गाव मिठागरांचं ना? येतो मी."

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते आले, काचेच्या नळ्या, सुया आणि औषधं जोखायचा छोटा काटा घेऊन. देवळाच्या ओट्यावर मांडामांड झाली. अख्खं गाव जमलं. डॉक्टरांनी सांगितलं, रक्त मिठाच्या पाण्यात टाकतात. पाणी पुरेसं खारट असेल तर पेशी शाबूत राहतात. पाणी आळणी करत गेलं की पेशी पाणी पिऊन फुगतात. चपट्या पेशीला फुगायला जागा असते. वडा आधीच फुगलेला, तो लगेच फुटतो. शाबूत पेशी तळाशी बसतात आणि वर पाणी स्वच्छ दिसतं. फुटल्या तर सगळं पाणी लाल, सरबतासारखं.

"मीठ कंचं हाय?" पाटलांनी विचारलं.

"बाटलीतलं. शुद्ध."

पाटलांनी बोट बुडवून चाखलं आणि थुंकले. "आळनी हाय ह्ये."

"आळणीच हवं."

"आमचे गावाचा निवाडा भाईरचे मिठावर होनार नाय." यावर सगळ्या गावाने मान डोलावली. मिठागरावर जन्म गेलेली माणसं ती. डॉक्टर सरंग्याच्या वेळी शिकले होते, त्यांनी वाद घातला नाही. नळ्यांच्या दोन रांगा केल्या. एक बाटलीतल्या मिठाची, दुसरी बोनकोड्याच्या मिठाची, काट्यावर जोखून.

आधी माझं रक्त घेतलं, साधा माणूस कसा असतो ते दिसावं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा घराण्याला माझा उपयोग झाला. मग मामाचं, मग दादाचं. डॉक्टर सुई पुसून ठेवणार तोच देवजीकाका पुढे आला.

"माझं बी घ्या."

"कशाला रे?" मामा म्हणाला.

"बघू दे ना. सगल्यांचं घेतात, माझंच का नको?" त्याने बाही वर केली होती.

रक्त बसायला वेळ लागतो. तोवर लोकांनी तिथेच जेवणं उरकली. नळ्यांभोवती चौघे पहारा देत होते, कारण कोणीतरी म्हणालं होतं की कावळे लाल वस्तू नेतात.

ऊन उतरल्यावर डॉक्टरांनी नळ्या उजेडात धरल्या. माझी नळी: तळाला लाल ठिपका, वर पाणी स्वच्छ. मामाची: लाल सरबत. दादाची: लाल सरबत. मामाने दादाची नळी हातात घेतली, सूर्याकडे धरली आणि सोडायलाच तयार होईना. "डोळं पांढरं," तो म्हणाला, "पन रक्त आमचंच."

"खून हाय," पाटील म्हणाले. "आपले मिठात जरा जास्तीच लाल हाय, बघा." दोन्ही रांगा सारख्याच होत्या. पण डॉक्टरांनी मान डोलावली.

मग चौथी नळी. डॉक्टरांनी ती एकदा बघितली, पुन्हा बघितली. त्यांनी देवजीकाकाला तिथेच ओट्यावर आडवं केलं आणि डाव्या बरगडीखाली बोटं घातली. "श्वास आत घ्या. सोडा." मग म्हणाले, "यांचंही फुटलंय. पानथरी दोन बोटं वाढलेली आहे. आजार तोच, पण अगदी सौम्य. रक्त थोडंच मोडतं, डोळ्यांत दिसण्याएवढं नाही."

देवजीकाका आडवाच होता.

"म्हंजे मना बी हाय?"

"आहे. वडिलांकडून आलेला."

"बापाकडून," देवजीकाका म्हणाला. "बापाकडूनच ना? परत सांगा. जोरात सांगा."

डॉक्टरांनी जोरात सांगितलं. देवजीकाका उठून बसला. त्याने गावाकडे बघितलं, एकेका तोंडाकडे, सावकाश, आणि या वेळी माना दुसऱ्यांनी फिरवल्या. मग तो धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागला. "आयेला सांगायला पायजे व्हतं," एवढंच म्हणाला. थोड्या वेळाने त्याने बारक्या आवाजात डॉक्टरांना विचारलं, "मंग माझं ऑपरेशन कवा?"

"तुम्हाला गरज नाही."

"का? रोहिदासचा केलात. माझ्यात काय कमी हाय?"

डॉक्टरांनी त्याला वर्षातून एकदा पोट दाखवायला या असं सांगितलं. त्यावर तो समाधान मानून घेईना. शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहून दिलं, चांगलं लांब होतं, तेव्हा कुठे तो गप्प झाला.

आता नारळाचा मालक एक नव्हता, दोन होते. पंच पुन्हा बसणार होते, पण मामाच उठला. त्याच्या हातात अजून दादाची नळी होती. "पंच कशाला? घरान्याचा मान घरान्यात हाय, माझं काम झालं. उद्या देवजी सोडील. रोहिदासला बरीच वर्षं हायत."

देवजीकाका म्हणाला, "मी नाय. तुझा पोरगा सोडंल."

"गप. मोठ्या भावाचं ऐकतात."

"तू मोठा कवापास्नं? मी तुझ्याहून मोठा हाय."

"म्हनून तं तू सोड."

दुसऱ्या दिवशी भरतीला सगळा गाव खाडीवर होता. देवजीकाकाने धुतलेलं धोतर नेसलं होतं, हातात सोनेरी कागद लावलेला नारळ होता. दादा त्याच्यासोबत कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि त्याने काकाला दंडाला घट्ट धरलं, कारण चिखल तोच होता आणि घराणंही तेच होतं. वहिनी काठावरून ओरडत होती, की पाण्यात जास्त वेळ उभं राहू नका, ताप येईल. डॉक्टरांसाठी मामाने पाटलाच्या घरून खुर्ची आणली होती.

ढोल थांबला. पाटलांनी खूण केली. देवजीकाकाने नारळ पाण्याला टेकवला आणि धरूनच राहिला.

"सोड रे," पाटील म्हणाले.

"सोडतो."

सोडला नाही.

"काका, पानी उतरंल आता," दादा त्याच्या कानाशी म्हणाला.

"सोडतो रे. पहिल्यांदाच धरलाय, जरा थांब की."

गावाची चुळबुळ सुरू झाली, कोणीतरी हसलं. मामा गुडघाभर पाण्यात येऊन उभा राहिला, लोकांकडे वळला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे त्याला. भरती काय कुठं जात नाय."